एअरशिपच्या काळातली पदके, छायाचित्रे आणि धातूचा एक तुकडा

बेडफर्डवासी (धागाकर्ता)

नमस्कार. मी मूळचा साताऱ्याचा. गेली नऊ वर्षे इंग्लंडमध्ये बेडफर्ड येथे राहतो. घरापासून थोड्याच अंतरावर कार्डिंग्टनच्या दोन प्रचंड शेड उभ्या आहेत. पहिल्यांदा त्या दुरून पाहिल्या तेव्हा एखाद्या साखर कारखान्याचे गोदाम असावे असे वाटले होते. जवळ गेल्यावर कळले की अख्खा कारखाना, त्याच्या धुरांड्यासकट, आत आडवा निजवता येईल. आर-१०१ ही ब्रिटिश सरकारची एअरशिप (हलक्या वायूच्या पिशव्यांवर तरंगणारे, इंजिनांनी चालणारे प्रचंड यान) याच जागी बांधली गेली आणि ४ ऑक्टोबर १९३० च्या संध्याकाळी इथूनच कराचीकडे निघाली. दुसऱ्या दिवशी पहाटे दोनच्या सुमारास फ्रान्समधल्या बोव्हे शहराजवळ ती जमिनीवर टेकली आणि पेटली. आतल्या ५४ जणांपैकी ४८ जण गेले. त्यांत ब्रिटनचे हवाईमंत्री लॉर्ड थॉमसन आणि मुलकी विमानवाहतुकीचे संचालक सर सेफ्टन ब्रँकर हेही होते. (जुन्या मराठी लेखनात या यानाला ‘हवाई जहाज’ म्हटलेले आढळते, पण आज तो शब्द वाचला की विमानच डोळ्यांपुढे येते, म्हणून मी सरळ ‘एअरशिप’ लिहितो.)

रोज त्या शेड पाहता पाहता मला या वस्तू जमवण्याचा नाद लागला. सध्या माझ्याकडे तीन गोष्टी आहेत आणि तिन्हींबाबत मनात शंका आहे.

पहिली वस्तू म्हणजे पहिल्या महायुद्धाचे चांदीचे ब्रिटिश वॉर मेडल. रविवारच्या जुन्या बाजारात ते ‘एअरशिपवाल्याचे’ म्हणून मिळाले. दुसरी, ‘आर-३४’ असे पाठीवर लिहिलेला एक अल्बम, ज्यात अकरा छायाचित्रे आहेत. तिसरी वस्तू म्हणजे सुमारे नऊ इंच लांबीचा, नळीसारखा, वजनाने हलका धातूचा तुकडा. सोबतच्या कार्डावर ‘आर-१०१ चा अवशेष, १९३०’ असे लिहिले आहे. हा तुकडा मी एका ऑनलाइन लिलावात घेतला आणि त्याला किती पैसे मोजले हे घरी अजून सांगितलेले नाही.

या वस्तू खऱ्या आहेत की नाहीत हे कसे ठरवावे? इथे पदके आणि जुनी छायाचित्रे जमवणारे जाणकार आहेत म्हणून विचारतो.

जुनाबाजार

पदकापासून सुरुवात करू, कारण तिन्हींत सर्वात जास्त बोलणारी वस्तू तीच आहे. ब्रिटिश वॉर मेडल साठ लाखांहून अधिक लोकांना मिळाले, त्यामुळे नुसते पदक म्हणून त्याची किंमत चांदीपेक्षा फारशी अधिक नसते. त्याला मोल येते ते कडेवरच्या अक्षरांमुळे. इंग्रजांनी ही पदके देताना कडेवर क्रमांक, आद्याक्षरे, आडनाव, हुद्दा आणि दल ठशांनी उमटवून दिले. त्यामुळे प्रत्येक पदक एका विशिष्ट माणसाचे असते. आपल्याकडेही, साताऱ्याच्या अपशिंगे गावासारख्या ठिकाणी, घराघरांत अशी पदके होती. १९८० साली चांदीचे भाव भडकले तेव्हा जगभर किती पदके मुशीत गेली याला गणती नाही. माझ्या ओळखीच्या एका सराफाने तर मूठभर पदके वितळवल्याची गोष्ट मला अगदी सहज, चहा पिता पिता सांगितली होती.

कृपया कडेवर काय आहे ते लिहा. माणसाचे नाव इथे देऊ नका. क्रमांकाचे स्वरूप आणि शेवटची अक्षरे पुरेत. त्याआधी कड बोटाने चाचपून पाहा. नाव घासून काढून दुसरे कोरले असेल तर ती जागा किंचित खोलगट लागते. व्हर्नियर कॅलिपर असेल तर व्यास चार-पाच ठिकाणी मोजा. तो सगळीकडे ३६ मिलिमीटर भरायला हवा.

आणि काहीही झाले तरी ते चिंच लावून घासू नका.

बेडफर्डवासी (धागाकर्ता)

काका, चिंचेची सूचना एक आठवडा उशिरा आली. आई सध्या इथे आली आहे आणि तिने माझ्या आधीच ते लख्ख करून ठेवले आहे.

व्यास सर्वत्र सारखा आहे. कडेवर २ ने सुरू होणारा सहा आकडी क्रमांक, दोन आद्याक्षरे, आडनाव आणि शेवटी आर.ए.एफ. (रॉयल एअर फोर्स) ही अक्षरे आहेत. एअरशिपचा उल्लेख कोठेच नाही. मला वाटते विक्रेत्याने थाप मारली.

जुनाबाजार

एवढ्यात निराश होऊ नका. उलट तुमचा क्रमांकच आशा वाढवणारा आहे.

पहिल्या महायुद्धात ब्रिटनच्या एअरशिप नौदलाकडे होत्या, म्हणजे रॉयल नेव्हल एअर सर्व्हिसकडे. जर्मन पाणबुड्यांवर नजर ठेवण्यासाठी १९१५ साली किंग्जनॉर्थ येथे एसएस वर्गाच्या छोट्या एअरशिप तयार झाल्या. त्यांची रचना इतकी घाईची होती की पहिल्या एअरशिपमध्ये वायूच्या पिशवीखाली चक्क एका विमानाचा सांगाडा, पंख काढून, टांगला होता. पुढे कोस्टल, नॉर्थ सी असे मोठे वर्ग आले, आणि पुलहॅम, पोलगेट, ईस्ट फॉर्च्युन, लाँगसाइड, मलियन, अँगलसी अशी किनाऱ्यालगतची तळांची साखळीच उभी राहिली. या दलातल्या शिपाई-कारागिरांचे क्रमांक इंग्रजी ‘एफ’ अक्षराने सुरू होत.

१ एप्रिल १९१८ रोजी रॉयल एअर फोर्सची स्थापना झाली आणि ही सारी माणसे तिकडे वर्ग झाली. तेव्हा त्यांना जे नवे क्रमांक दिले गेले ते जुन्या क्रमांकात दोन लाख मिळवून. म्हणजे एफ १७००० या माणसाचा क्रमांक २१७००० झाला. तुमचा २ ने सुरू होणारा सहा आकडी क्रमांक म्हणजे हा मनुष्य मुळात नौदलाच्या हवाई शाखेतला असण्याची मोठी शक्यता आहे. अशा माणसांच्या ‘१९१४-१५ चा तारा’ या पदकावर अनेकदा जुना एफ क्रमांक असतो आणि बाकीच्या दोन पदकांवर नवा. नवख्या संग्राहकाला वाटते की ही दोन निराळ्या माणसांची पदके आहेत, आणि तो संच फोडून विकतो. मी स्वतः अठ्ठावीस वर्षांपूर्वी ही चूक केली आहे.

आता दोन लाख वजा करा आणि लंडनमधील क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारात जुन्या एफ क्रमांकाने नौदलाची सेवानोंद शोधा. ती एडीएम १८८ या मालिकेत असते. वायुदलाची पुढची नोंद एआयआर ७९ मध्ये असते. एक सावधगिरीची सूचना: नौदलाच्या नोंदीत ‘प्रेसिडेंट टू’ किंवा ‘डिडॅलस’ अशी जहाजांची नावे दिसतील. ती केवळ कागदोपत्री हजेरीची नावे असतात. माणूस खरोखर कोठे होता ते शेजारी कंसात, बहुधा फार बारीक अक्षरात, लिहिलेले सापडते.

अंधारखोली

छायाचित्रांबद्दल मी लिहितो. पस्तीस वर्षे याच कामात घालवली आहेत.

सर्वप्रथम दहापट मोठे दाखवणारे भिंग घ्या. प्रतिमा नियमित ठिपक्यांची बनलेली दिसली तर ते छायाचित्र नसून छापील चित्र आहे, मग ते कितीही जुन्या अल्बममध्ये चिकटवलेले असो. ठिपके नसतील तर काळोखात अतिनील दिवा लावून पाहा. कागद निळसर पांढरा चकाकला तर त्यात चकाकी आणणारी रसायने आहेत. छायाचित्रांच्या कागदात ती १९५० च्या दशकाच्या मध्यानंतरच आली. १९१९ चे छायाचित्र अशा कागदावर असेल तर ती नंतर काढलेली प्रत आहे. कडेच्या गडद भागांवर तिरक्या उजेडात चंदेरी झाक दिसली तर ते मात्र वयाचे चांगले लक्षण होय.

आता प्रतिमेतल्या एअरशिपकडे वळू. आर-३४ हे नाव प्रत्येक विक्रेत्याला हवे असते, आणि त्याचे कारण उघड आहे. २ जुलै १९१९ रोजी ती स्कॉटलंडमधल्या ईस्ट फॉर्च्युनहून निघाली आणि १०८ तास १२ मिनिटांनी न्यूयॉर्कजवळच्या मिनिओला येथे पोहोचली. पूर्वेकडून पश्चिमेकडे अटलांटिक हवेतून ओलांडण्याची ती पहिलीच वेळ. जमिनीवर दोर धरणाऱ्यांना सूचना द्यायला अनुभवी माणूस हवा म्हणून मेजर प्रिचर्ड यांनी वरून हवाई छत्रीने उडी मारली, आणि अशा रीतीने युरोपातून हवाईमार्गे अमेरिकेच्या भूमीवर उतरलेला पहिला मनुष्य हा मान त्यांना मिळाला. आत एक लपून बसलेला कर्मचारी आणि एक मांजरही निघाले होते. परतीचा प्रवास ७५ तासांत पुलहॅमला संपला.

अडचण अशी की आर-३३ ही तिची जुळी बहीण. दोघींचे छायाचित्र वेगळे ओळखणे अनुभवी डोळ्यांनाही जड जाते. आर-३४ जानेवारी १९२१ मध्येच अपघाताने निकामी झाली. आर-३३ मात्र पुढे कित्येक वर्षे उडत राहिली आणि तिच्या अंगावर मुलकी नोंदणीची जी-एफएएजी ही अक्षरे रंगवलेली होती. तेव्हा ती अक्षरे दिसली, किंवा पोटाखाली लहान विमान लटकताना दिसले (ते प्रयोग १९२५-२६ चे आहेत), किंवा नाकाचा भाग चेपून फाटलेला दिसला, तर ती आर-३३ समजावी. १६ एप्रिल १९२५ च्या वादळात ती पुलहॅमच्या, एअरशिप बांधून ठेवायच्या मनोऱ्यापासून तुटून, २० माणसांसह, हॉलंडपर्यंत वाहत गेली होती आणि तशाच फाटक्या नाकाने परत आली. त्या वेळी आत असलेल्या माणसांना राजाकडून नाव कोरलेली घड्याळे मिळाली. असे एखादे घड्याळ आयुष्यात एकदा हातात यावे अशी माझी इच्छा आहे. विकत घेण्याची ऐपत नाही हे वेगळे सांगायला नको.

बेडफर्डवासी (धागाकर्ता)

अंधारखोली साहेब, काल रात्री सगळी छायाचित्रे भिंगाखाली घातली. अकरापैकी चार छापील निघाली, बहुधा मासिकातून कापलेली. उरलेल्या सातांपैकी पाचांत जी-एफएएजी स्पष्ट वाचता येते. म्हणजे ‘आर-३४’ च्या अल्बममध्ये आर-३३ आहे. उरलेल्या दोहोंत एक फार मोठी एअरशिप मनोऱ्याला बांधलेली आहे आणि खाली माणसांची गर्दी आहे. ती तर आर-१०१ असेल ना?

अंधारखोली

खाली लटकणाऱ्या इंजिनांच्या डब्या मोजा. आर-१०१ ला पाच डब्या होत्या, प्रत्येकीत एक डिझेल इंजिन. त्याच योजनेतली दुसरी एअरशिप आर-१००, तिला तीनच डब्या होत्या आणि प्रत्येकीत मागेपुढे दोन पेट्रोल इंजिने. एवढी सोपी खूण असताना लोक शेपटीच्या आकारावरून वाद घालत बसतात.

तीन दिसल्या आणि गर्दीत उन्हाळी टोप्या घातलेले लोक, मोटारींच्या रांगा असे काही असेल तर ते बहुधा कॅनडाचे छायाचित्र असेल. आर-१०० जुलै १९३० च्या अखेरीस निघून ७८ तासांत माँट्रियलजवळच्या सेंट ह्यूबर्टला पोहोचली आणि जवळजवळ दोन आठवडे तेथे मनोऱ्याला होती. लाखो लोक तिला पाहून गेले. जो तो छायाचित्र, पोस्टकार्ड, बिल्ला घेऊन घरी गेला. त्यामुळे या गोष्टी आजही मुबलक आणि स्वस्त मिळतात, आणि सुरुवात करणाऱ्याने तेथूनच करावी असे माझे मत आहे.

याउलट आर-१०१ मध्यावर कापून, एक नवा भाग घालून, ७७७ फूट लांब केल्यावर ती १ ऑक्टोबरला बाहेर आली आणि ४ तारखेला गेली. त्या लांबवलेल्या रूपातले छायाचित्र म्हणजे त्या चारच दिवसांतले. त्यासाठी लोक वाट्टेल ती किंमत मोजतात, म्हणून १९२९ च्या छायाचित्रावर ‘शेवटचे उड्डाण’ असे लिहून ते विकण्याचा उद्योगही चालतो.

बंदररोड

हा धागा वाचून मी पहिल्यांदाच येथे लिहीत आहे. माझे आजोबा कराचीत नोकरीला होते आणि माझे थोरले काका तेथील नारायण जगन्नाथ वैद्य हायस्कूलमध्ये शिकले. आज अनेकांना आश्चर्य वाटते, पण १९३६ पर्यंत सिंध मुंबई इलाख्यातच होता, त्यामुळे कराचीची बदली ही मुंबई-पुण्याच्या माणसाला दूरची असली तरी परकी नव्हती. १९४७ मध्ये आमचे कुटुंब बोटीने मुंबईला आले, तेव्हा आजीने आणलेल्या ट्रंकेत एक छायाचित्र होते. एका प्रचंड, काळपट इमारतीपुढे एक उंटगाडी उभी आहे आणि गाडीवान इमारतीच्या पायाशी मुंगीएवढा दिसतो. आम्ही लहानपणी ते एखाद्या गिरणीचे चित्र समजत असू.

छायाचित्राच्या मागे शिसपेन्सिलीने मोडीत दोन ओळी आहेत. गेल्या वर्षी एका मोडी जाणणाऱ्या गृहस्थांकडून वाचून घेतल्या: ‘विमानघर, कराची. आर १०१ करिता बांधिले. रिकामे.’ खाली १९३१ साल आहे.

हे तेच हँगर का?

बेडफर्डवासी (धागाकर्ता)

ताई, तेच असणार. १९२४ च्या साम्राज्य एअरशिप योजनेत इंग्लंड, इजिप्त आणि हिंदुस्थान जोडायचे होते. इजिप्तमध्ये इस्माइलियाला मनोरा उभारला आणि कराचीला मनोरा व हँगर दोन्ही. लॉर्ड थॉमसन यांना कराचीला जाऊन ऑक्टोबरच्या विसाव्या तारखेच्या आत लंडनच्या साम्राज्य परिषदेसाठी परतायचे होते, म्हणून पुरेशा चाचण्यांविना निघण्याची घाई झाली, असे पुष्कळांनी लिहिले आहे. कराचीच्या त्या हँगरमध्ये एकही एअरशिप कधी आली नाही. पुढे विमानतळावर उतरणाऱ्या वैमानिकांना ते दुरून खूण म्हणून उपयोगी पडे, आणि १९६० च्या दशकात ते पाडले गेले.

इथे कार्डिंग्टनची छायाचित्रे पैशाला पासरी आहेत. कराचीचे, तेही तारखेसह आणि मागे मोडी मजकुरासह, मी आजवर एकही पाहिलेले नाही.

पानसुपारी

थोडे विषयाला धरून आणि थोडे सोडून. आर-१०१ च्या अपघाताच्या चौकशीसाठी जे न्यायासन नेमले त्याचे अध्यक्ष कोण होते हे कोणी लिहिले नाही. सर जॉन सायमन. होय, तेच. ३ फेब्रुवारी १९२८ रोजी मुंबई बंदरात ज्यांचे काळ्या निशाणांनी स्वागत झाले तेच. त्यांचा अहवाल १९३१ च्या मार्चमध्ये प्रसिद्ध झाला आणि त्याची मूळ प्रत हीसुद्धा संग्राह्य वस्तू आहे. आतले आराखडे घडी घातलेल्या स्थितीत शाबूत असतील तर विशेष. माझ्याकडे आहे. सायमन कमिशनच्या अहवालाशेजारीच ठेवली आहे.

धातुविद

धातूच्या तुकड्याकडे सगळ्यांचे दुर्लक्ष झाले. धागाकर्त्यांनी तीन गोष्टी कराव्यात.

एक, स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करा, मग तुकडा पाण्यात बुडवून किती पाणी सरकते ते मोजा आणि वजनाला त्या आकड्याने भागा. उत्तर २.८ च्या आसपास आले तर ड्युरॅल्युमिन (ॲल्युमिनियमचा मजबूत मिश्रधातू), ७.८ च्या आसपास आले तर पोलाद.

दोन, नळीची शिवण पाहा. ती सरळ आहे, की जिन्याच्या कठड्यासारखी गोल फिरत गेली आहे?

तीन, कार्ड कशाने लिहिले आहे ते पाहा.

कारण सांगतो. दोन्ही एअरशिप एकाच योजनेतल्या असल्या तरी त्यांचे सांगाडे अगदी निराळ्या विचाराने बांधले होते. आर-१०१ सरकारी, तिचे तुळयांचे काम नॉर्विचच्या बोल्टन अँड पॉल कंपनीने केले आणि त्यांत मुख्य भार पोलादी नळ्यांवर होता, ड्युरॅल्युमिन जोडीला होते. आर-१०० खासगी, व्हिकर्सच्या उपकंपनीने ती हाउडन येथे बांधली आणि तिचे रचनाकार बार्न्स वॉलिस यांनी ड्युरॅल्युमिनची पट्टी मळसूत्रासारखी गुंडाळून, शिवणीवर रिव्हेट मारून नळ्या तयार करवल्या. ती फिरती रिव्हेटची शिवण म्हणजे वॉलिस यांची सहीच समजा.

बेडफर्डवासी (धागाकर्ता)

वजन ८४ ग्रॅम. पाणी सरकले अंदाजे ३० मिलिलिटर. म्हणजे २.८.

शिवण फिरती आहे, आणि तिच्यावर बारीक रिव्हेट आहेत.

कार्ड बॉलपेनने लिहिले आहे. हे मला विकत घेताना कसे दिसले नाही, कोण जाणे.

धातुविद

मग तुमचा तुकडा आर-१०० चा आहे. केवळ घनतेवरून मी हे म्हटले नसते, कारण आर-१०१ मध्येही ड्युरॅल्युमिन होतेच. पण शिवण निर्विवाद आहे. बॉलपेन दुसऱ्या महायुद्धानंतर सर्रास वापरात आले, तेव्हा कार्ड फार तर कोणाच्या तरी ऐकीव आठवणीवरून लिहिलेले आहे. त्यात लबाडीच असेल असे नाही. आर-१०१ च्या अपघातानंतर सरकारने सारी योजनाच गुंडाळली आणि चांगली चालणारी आर-१०० हीसुद्धा १९३१ मध्ये कार्डिंग्टनच्याच शेडमध्ये मोडून भंगारात काढली. बेडफर्ड परिसरातल्या कामगारांनी तिचे तुकडे आठवण म्हणून घरी नेले असणे अगदी स्वाभाविक आहे. नातवंडांपर्यंत पोहोचताना ‘शंभर’चे ‘एकशे एक’ झाले, कारण नाव त्याच एअरशिपचे झाले होते.

आर-१०१ चे अवशेष शेफिल्डच्या एका भंगार कंपनीने फ्रान्समधून उचलले आणि त्यातले काही ड्युरॅल्युमिन एअरशिप बांधणाऱ्या जर्मन झेपेलिन कंपनीने विकत घेतले. तेव्हा खरा तुकडा मिळणे अशक्य नाही, पण त्यासोबत जळाल्याच्या खुणा आणि सलग कागदपत्रे हवीत.

जुनाबाजार

याच जातीचा एक जुना सापळा सांगून ठेवतो. ३ सप्टेंबर १९१६ च्या पहाटे लेफ्टनंट लीफ रॉबिन्सन यांनी लंडनच्या उत्तरेला कफली येथे एक जर्मन एअरशिप पाडली आणि त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. ‘कफलीच्या झेपेलिनचे ॲल्युमिनियम’ म्हणून अंगठ्या, टाचण्या, कागद कापायच्या सुऱ्या आजही विकल्या जातात. परंतु ती झेपेलिन नव्हतीच. ती शुटे-लान्झ कंपनीची एसएल-११ होती आणि तिचा सांगाडा लाकडी होता! तिच्या तारांचे तुकडे मात्र रेडक्रॉसने जखमी सैनिकांच्या मदतीसाठी खरोखर विकले. ते छापील कार्डासह मिळाले तर घ्यावेत. ॲल्युमिनियमचे दागिने घ्यायचेच असतील तर त्याच महिन्यात लिटल विगबरोला उतरलेल्या एल-३३ या झेपेलिनचे शोधा, तिचा सांगाडा तरी धातूचा होता.

सहज

मला एक प्रश्न पडतो आणि तो कोणाला दुखवण्यासाठी नाही. ४८ माणसे जळून मेली त्या जागेचे तुकडे काचेच्या कपाटात ठेवणे योग्य आहे का?

बेडफर्डवासी (धागाकर्ता)

प्रश्न रास्त आहे. कार्डिंग्टनच्या सेंट मेरी चर्चमध्ये आर-१०१ वरचा, कडेने करपलेला वायुदलाचा ध्वज भिंतीवर लावलेला आहे, आणि समोरच्या दफनभूमीत त्या ४८ जणांची सामायिक समाधी आहे. त्या ध्वजापुढे मी उभा राहिलो तेव्हा माझ्याही मनात हेच आले होते. आता तर मला बरे वाटते आहे की माझ्याकडचा तुकडा आर-१०० चा निघाला. तिच्यावर कोणी मेले नाही.

जुनाबाजार

माझे मत थोडे वेगळे आहे. अवशेष मी घेत नाही, पदके घेतो. कारण पदक हे माणसाला जिवंतपणी किंवा त्याच्या घरच्यांना सन्मानाने दिलेले असते. आर-१०१ मधून वाचलेल्या सहांपैकी हॅरी लीच पेटत्या सांगाड्यात परत शिरून आपल्या सहकाऱ्याला बाहेर घेऊन आले आणि त्यांना अल्बर्ट मेडल मिळाले. वॉल्टर पॉटर नावाचे कर्मचारी १९२१ मध्ये हलजवळ हंबर नदीवर आर-३८ दुभंगली तेव्हा, ४९ पैकी ४४ जण गेले असताना, वाचले होते. ते आर-१०१ मध्ये मरण पावले. अशा माणसाचे साधे युद्धपदकही हातात आले तर ते नुसती वस्तू राहत नाही. पण तेवढ्यासाठी तरी ते ओळखून जपणारा कोणीतरी हवा, नाहीतर शेवट सराफाच्या मुशीत ठरलेला.

नागपूरकर

जपणुकीबद्दल कोणी लिहिले नाही म्हणून. जुन्या फिल्मच्या निगेटिव्ह मिळाल्या तर त्या सहज पेट घेणाऱ्या नायट्रेटच्या असू शकतात; चिकट झाल्या असतील, उग्र वास येत असेल तर घरात ठेवू नका, आमच्या विदर्भातल्या मे महिन्यात तर नाहीच. वायूच्या पिशव्यांच्या अस्तराचे तुकडे कधीकधी विकायला येतात. ते गोल्डबीटर्स स्किन म्हणजे बैलाच्या आतड्याचा पातळ पापुद्रा. सोन्याचांदीचा वरख कुटताना पानांमध्ये जसा पापुद्रा घालीत असत तीच जात. पावसाळ्यात त्याला बुरशी येते आणि झुरळांना तो फार आवडतो. अनुभवाने सांगतो.

आणि परदेशातून भारतात वस्तू आणणाऱ्यांसाठी: १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनी ऐतिहासिक वस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही. पहिल्या महायुद्धाची पदके आता त्या वयाची झाली आहेत. धागाकर्त्यांनी संग्रह साताऱ्याला हलवण्यापूर्वी याचा विचार करावा.

बेडफर्डवासी (धागाकर्ता)

तीन आठवड्यांनी परत आलो, क्षमस्व.

पदकाच्या क्रमांकातून दोन लाख वजा केले आणि नौदलाची नोंद सापडली. नाव जुळले. नोंदीत ‘प्रेसिडेंट टू’ आहे, आणि जुनाबाजार काकांनी सांगितल्याप्रमाणे शेजारी बारीक अक्षरांत आधी किंग्जनॉर्थ आणि मग लाँगसाइड. व्यवसाय रिगर, म्हणजे दोर, तारा आणि पिशव्यांची डागडुजी करणारा. युद्धापूर्वीचा व्यवसाय शिंपी! म्हणजे रविवारच्या बाजारातला तो म्हातारा विक्रेता खरे बोलत होता आणि ज्याने गुळगुळीत शब्दांत कार्ड लिहून लिलावात तुकडा विकला तो चुकत होता.

अल्बमच्या पाठीवरचे ‘आर-३४’ मी खोडलेले नाही. आत पेन्सिलीने दुरुस्ती लिहिली आहे. शेवटच्या दोन छायाचित्रांत इंजिनांच्या डब्या तीन आहेत. धातूच्या तुकड्याच्या डबीत जुने कार्ड तसेच ठेवले असून त्याखाली नवे घातले आहे: ‘आर-१००, बहुधा कार्डिंग्टन, १९३१.’ किंमत घरी सांगून टाकली.

बंदररोड

अभिनंदन. माझ्या छायाचित्राचे काय करावे? एका व्यापाऱ्याने फोनवर बरी किंमत सांगितली आहे.

अंधारखोली

ताई, आत्ताच विकू नका. आधी ६०० डीपीआयने दोन्ही बाजू स्कॅन करा, मागची बाजू अवश्य. मोडी ओळींवर पेन्सिल आहे, तेव्हा बोट किंवा खोडरबर लागू देऊ नका, आणि चिकट पानांच्या अल्बममधून ते काढायचे असेल तर ओढू नका. पातळ नायलॉनचा दोरा मागून हळू सरकवत न्या. त्यानंतर मूळ छायाचित्र आम्लविरहित पाकिटात घालून, सिलिका जेलच्या पुडीसह, लोखंडी कपाटाच्या मधल्या कप्प्यात ठेवा. वरचा कप्पा तापतो, खालच्यात ओल येते.